टोळी यायच्या आत शूट उरका: सांगली-साताऱ्याकडं पहिली शॉर्ट फिल्म कशी करायची

आधीच सांगून टाकतो, मी काय मोठा डायरेक्टर वगैरे नाही. पलूसकडचा आहे, लग्नसराईत एका स्टुडिओवाल्याकडं दुसरा कॅमेरा धरतो आणि उरलेल्या दिवसांत गावातल्याच पोरांना घेऊन शॉर्ट फिल्म करतो. कुठल्या इन्स्टिट्यूटला गेलो नाही. आतापर्यंत पाच सुरू केल्या, तीन पूर्ण झाल्या, त्यातली एक बघण्यासारखी आहे. हे जे लिहितोय ते जास्त करून त्या अर्धवट राहिलेल्या दोनांमुळं सुचलंय.

पाचवीचंच घ्या. दोन भावांचं बांधावरनं भांडण अशी गोष्ट होती, सगळी माझ्या चुलत्याच्या उसात घडणारी. नोव्हेंबरात दोन रविवार शूट केलं, निम्मं झालं, मधी एक लग्नाची ऑर्डर आली म्हणून एक रविवार सोडला आणि पुढच्या रविवारी गेलो तर रान मोकळं. ऊसतोड मजुरांची टोळी येऊन ऊस तोडून गेलेली, पाचट पेटवलेलं, सगळी राख. चुलत्याला म्हणलं एक फोन तरी करायचा, तर म्हणाला, "टोळी दारात आल्यावर थांबा म्हणायचं व्हय? परत कधी यायची ती." बरोबरच आहे त्याचं.

तर फिल्म करायला शिकवणाऱ्या बाहेरच्या व्हिडिओत लोकेशन शोधायला सांगतात तसं आपल्याकडं नुसतं शोधून भागत नाही, ते लोकेशन किती दिवस तसंच राहणार हे पण बघावं लागतं. साखर कारखाने साधारण नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतात आणि मार्चपर्यंत चालतात, त्या काळात उभ्या उसाचा भरवसा नाही. तासगावकडं द्राक्षबागेत शूट करायचं तर जानेवारी ते मार्च घड दिसतात, एप्रिलमधी खरड छाटणी झाली की नुसते ओंडके आणि मांडव राहतो, आणि ऑक्टोबरच्या छाटणीला परत तेच. हळद काढून शिजवून वाळत घातलेली पाहिजे तर फेब्रुवारी-मार्च गाठा, काय पिवळा रंग मिळतो तिथं, फुकटचं कलर ग्रेडिंग, म्हणजे एडिटिंगला रंग चढवत बसायला नको. माण-खटाव, जत, आटपाडी मे महिन्यात एका रंगाचं असतं आणि पाऊस झाला तर सप्टेंबरात वळखू येत नाही. म्हणून स्क्रिप्ट लिहायच्या आधी कॅलेंडर समोर घ्या आणि ज्या शेतात शूट आहे त्या मालकाला दोनच प्रश्न विचारा, इथं पुढच्या दोन महिन्यांत काय होणार आहे, आणि विहिरीवरच्या मोटरची थ्री फेज लाईट कधी असते. दुसरा प्रश्न कशाला ते आवाजाच्या भागात कळेल.

पायरी १: गोष्ट, पण आधी यादी

गोष्ट सुचायची वाट बघत बसू नका. कागद घ्या आणि फुकटात काय काय मिळतंय त्याची यादी करा. आत्याचं किराणा दुकान, मित्राची रसवंती, बंद पडलेली पिठाची गिरणी, आजोबांची सायकल, शेजारची मारकी म्हैस, जे असंल ते. मग त्या यादीतनं गोष्ट काढा. माझी त्यातल्या त्यात बरी झालेली फिल्म अशीच निघाली, गिरणीवाल्याकडं एक बाई रोज येते आणि दळण न नेताच जाते, एवढंच. गिरणी चुलत मामाची होती, भाडं शून्य.

पहिली फिल्म पाच मिनिटांच्या वर नको. दोन माणसं, एक नाहीतर दोन जागा, दिवसाउजेडी. हातात कोयता घेऊन स्लो मोशनमधी चालत येणारा भाई प्लीज करू नका, प्रत्येक गावात त्याची एक फिल्म ऑलरेडी आहे. शेतकऱ्याच्या कर्जावर करायची असंल तर करा, पण ज्याच्या घरात बँकेची नोटीस खरोखर आलेली आहे अशा कुणाजवळ तरी तासभर बसा आधी. नोटीस आल्यावर माणूस रडत नाही, तो ती घडी घालून देवाच्या फोटोमागं ठेवतो आणि गुरांना वैरण टाकायला जातो. हे घरात बसून सुचत नाही.

स्क्रिप्टचं एक पान म्हणजे फिल्मचं एक मिनिट असा नियम सगळीकडं ऐकाल, तो इंग्रजी टायपिंगच्या ठरलेल्या फॉरमॅटचा आहे, आपल्या वहीतल्या हाताच्या अक्षराला लागू होत नाही. मोबाईलचं स्टॉपवॉच लावून सगळं मोठ्यानं वाचा, आणि जिथं माणूस चालतोय, कडी काढतोय, पाणी पितोय तिथं खरंच उठून तेवढं करा. मग खरी लांबी कळते. संवाद पुस्तकी वाटतात अशी तक्रार असते सगळ्यांची, त्याला उपाय एकच, कराडचं बोलणं वेगळं, मिरजेचं वेगळं, जतकडं वाक्यात कानडी शब्द येतोच, तुमचं पात्र नक्की कुठलं ते ठरवा आणि त्या गावच्या माणसाकडनं वाचून घ्या. तो जिथं हसंल तिथं वाक्य बदला.

पायरी २: माणसं आणि जेवण

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते उगाच नाही, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीता स्वयंवर इथंच केलं आणि तेव्हापासनं नाटकाचं येड आहे ते आहे. एकांकिका करणारी पोरं-पोरी प्रत्येक कॉलेजात सापडतात, कामाला भुकेली असतात, पाठांतर चोख. पण एक गोम आहे, त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय असते, आणि फोन तर तोंडापासनं तीन फुटावर. त्यांना ॲक्टिंग कमी कर असं सांगू नका, त्यानं ते दगड होतात. हातात काम द्या. मेथी निवडत बोल, पंक्चर काढत बोल. हात गुंतले की चेहरा आपोआप खरा होतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाही हेच लागू, आणि खरं सांगतो, त्यांच्याइतकं भारी काम कोण करत नाही, फक्त त्यांना कॅमेरा सुरू झाला हे ओरडून सांगायचं नाही.

पोरी काम करणार असतील तर आधी त्यांच्या घरी जाऊन बोला, सीन काय आहे ते आई-वडलांना वाचून दाखवा, सेटवर अजून एक तरी बाई पाहिजे, कपडे बदलायला बंद होणारी खोली पाहिजे, आणि सोडायची वेळ सांगितली तर त्याच वेळेला सोडायचं. हे एकदा चुकलं की तुमच्या गावात परत कुणी पोरीला पाठवत नाही.

पैसे देऊ शकत नसाल तर पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगा, "पुढं बघू" म्हणू नका. पण एसटीचं भाडं किंवा पेट्रोल आणि पोटभर जेवण ही तुमची जबाबदारी. पहिल्या फिल्मला मी सगळ्यांना वडापाववर भागवलं आणि दुसऱ्या दिवशी नऊपैकी चार जण आले. तेव्हापासनं आईला सांगतो, अख्खा मसूर, भाकरी, कांदा, ठेचा. गिरणीच्या फिल्मचा सगळा मिळून खर्च साडेपाच हजाराच्या आसपास आला, त्यात निम्म्याच्या वर जेवण-चहाच होता, आणि ते पैसे वाया गेले असं मला अजून वाटलेलं नाही.

पायरी ३: विचारून घ्या

गावात शूट असंल तर सरपंच आणि पोलीस पाटील यांच्या कानावर घाला, निम्मे प्रश्न तिथंच मिटतात. रेल्वे स्टेशन, धरण, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तू, जंगल, इथं तोंडी ओळखीवर जाऊ नका, लेखी परवानगी लागते आणि धरणावर तर फोन बाहेर काढला तरी हटकतात. कासचं पठार सगळ्यांनाच पाहिजे असतं, २०१२ पासनं ते जागतिक वारसा यादीत आहे, फुलांच्या दिवसांत तिकीट आणि पहारा दोन्ही असतो, आणि फुलात शिरून शूट करणाऱ्याला लोक शिव्या घालतात ते योग्यच आहे. मेणवली आणि वाईच्या घाटावर मोठ्या हिंदी पिक्चरची शूटिंग होऊन गेल्यात, त्यामुळं तिथल्या लोकांना सगळे रेट पाठ आहेत. विद्यार्थी आहे, चार माणसं आहेत, ट्रायपॉड एकच आहे हे आधी सांगितलं तर बऱ्याचदा समजून घेतात. नाहीतर कृष्णेला घाट काय कमी आहेत, हरिपूरचा संगम आहे, औदुंबर आहे, आणि तुमच्या गावचा साधा पाणवठा तर आहेच जो अजून कुणी पडद्यावर बघितलेला नाही.

मारामारीचा सीन, खोटी पिस्तूल, कोयते असलं काही असंल तर पोलीस स्टेशनला आधी कळवा. नाहीतर लांबनं कोणतरी व्हिडिओ काढतो, तो ग्रुपवर फिरतो, आणि तुमच्या फिल्मच्या आधी तोच व्हायरल होतो.

पायरी ४: फोन

रोज एक तरी मेसेज येतो, दादा कुठला कॅमेरा घेऊ. हातात आहे तोच फोन घ्या. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांना कॅमेरा मिळंना तर त्यांनी स्वतःच बनवला आणि १९२० ला त्याच्यावर पिक्चर काढला, आपल्याला निदान लेथ मशीनवर तरी बसायचं नाही.

सेटिंग सांगतो. आधी लेन्स पुसा, हसू नका, निम्मे धुरकट शॉट तेलकट बोटांमुळं असतात. फ्लाइट मोड टाका, मस्त टेक चाललेला असताना आत्याचा फोन आला की रेकॉर्डिंग बंद पडतं. ब्युटी मोड बंद, डिजिटल झूम बंद, जवळनं पाहिजे तर पायानं जवळ जा. रेझोल्यूशन १०८० पी भरपूर झालं, त्याच्यात बऱ्याच फोनवर मिनिटाला शंभर ते दीडशे एमबी जातात, ४के लावला तर त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि मग दुपारपर्यंत स्टोरेज फुल होऊन गॅलरीतले लग्नाचे फोटो डिलीट करत बसता.

आपल्याकडची लाईट ५० हर्ट्झची आहे, त्यामुळं घरातल्या ट्यूब-एलईडीखाली शूट केलं की कधी कधी पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ मिळत असंल तर २५ घ्या आणि शटर, म्हणजे एका चित्राला किती वेळ उजेड, १/५० सेकंद ठेवा. २५ नसंल तर ३० चालतंय पण शटर १/५० नाहीतर १/१०० च ठेवायचं, पट्टे जातात. फोनच्या ॲपमधी हे दिसत नसंल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा किंवा अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा, दोन्ही फुकट आहेत. तेही जमत नसंल तर निदान चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते) लॉक करा, म्हणजे मागनं पांढरी गाडी गेली की सगळी फ्रेम एकदम काळवंडणार नाही. उन्हाळ्यात फोन तापून बंद पडतो, दोन टेकच्या मधी सावलीत ठेवा.

उजेडाचं थोडक्यात. थर्माकोलची एक मोठी शीट आणि एक पांढरी चादर, बास. थर्माकोलवरनं ऊन चेहऱ्यावर टाकायचं, चादर डोक्यावर धरून कडक ऊन मऊ करायचं. दुपारी बारा ते तीन जेवा, झोपा. घरातला सीन दाराच्या नाहीतर खिडकीच्या जवळ, माणसाचं तोंड उजेडाकडं. सातारा शहरात एक लक्षात ठेवा, पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आहे, घड्याळात सूर्यास्ताला वेळ असतो पण सूर्य आधीच डोंगरामागं गेलेला असतो. रात्रीचे सीन पहिल्या फिल्ममधी नकोच.

पायरी ५: आवाज, आवाज, आवाज

चित्र थोडं खराब असलं तरी लोक बघतात. संवाद ऐकू आला नाही की दहाव्या सेकंदाला बंद करतात. आणि आपल्याकडं शांतता नावाची गोष्ट नाही. गिरणी, कुकर, देवळातला भोंगा, वरातीचा डीजे, साळुंक्या, उसाच्या ट्रॅक्टरवर फुल आवाजात लागलेली गाणी, आणि सगळ्यांचा बाप म्हणजे विहिरीवरची मोटर. मोटरवाल्याला तुम्ही थांब म्हणालात तर तो थांबणार नाही, कारण थ्री फेज ठराविक वेळच असते आणि तेवढ्यात त्याला पाणी द्यायचं असतं. म्हणून तो प्रश्न आधी विचारायचा. लाईट नसलेल्या वेळात संवाद, लाईट आल्यावर नुसते चालण्याचे, बघण्याचे, बिनसंवादाचे शॉट.

वायरवाला कॉलर माईक घ्या, बोया कंपनीचा तो सहा मीटर वायरीचा सगळीकडं मिळतो, हजाराच्या आत-बाहेर. त्याच्यावर एक बटण असतं, फोनला लावणार तर ते फोनकडं पाहिजे, मी अख्खा एक दिवस कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवून शूट केलंय. फोनला गोल पिन नसंल तर टाइप-सीचा कन्व्हर्टर लागतो, आणि कन्व्हर्टर लावला म्हणजे ॲप त्याच माईकवरनं आवाज घेतंय असं नसतं, दहा सेकंद रेकॉर्ड करून इयरफोनवर ऐका, मगच पुढं जा. त्याहून सोपी युक्ती म्हणजे माईक दुसऱ्या फोनला लावायचा, तो फोन कलाकाराच्या खिशात, रेकॉर्डर चालू, आणि शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी. एडिटिंगला टाळीचा आवाज आणि हात जुळवले की झालं.

सिंथेटिक साडी माईकला घासून खरखर करते, सुती नेसायला सांगा. वाऱ्याला माईकवर स्पंजचा तुकडा. आणि प्रत्येक जागेवर सगळ्यांना गप्प उभं करून तीस सेकंद नुसती तिथली हवा रेकॉर्ड करा, ही सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट आहे, एडिटमधी दोन वाक्यांच्या मधी जे भगदाड पडतं ते याच्यानंच बुजतं. एवढं करूनही आवाज गेला तर डबिंग, त्याला स्टुडिओ लागत नाही, काचा लावून उभी केलेली फोर व्हीलर नाहीतर चारी बाजूनं वाकळा टांगलेली खोली, दोन्हीत आवाज मस्त कोरडा येतो.

पायरी ६: शूटचा दिवस

आदल्या रात्री शॉटची यादी कागदावर. आधी लांबनं पूर्ण सीन एकदा सलग घ्या, मग जवळचे. उजेड गेला तरी सीन निदान सांगता येतो.

एक नियम मात्र डोक्यात बसवा. दोन भाऊ समोरासमोर भांडतायत, त्यांच्या मधनं एक बांध आहे असं समजा, एका भावापासनं दुसऱ्या भावापर्यंत जाणारा. कॅमेरा त्या बांधाच्या एकाच अंगाला ठेवायचा, हवा तिथं फिरवा पण बांध ओलांडायचा नाही. ओलांडला की जोडल्यावर दोघंही एकाच दिशेला बघून भांडतायत असं दिसतं, जणू तिसऱ्याच कुणाशी तरी.

प्रत्येक सीन संपला की सगळ्यांचा एक एक फोटो काढा, पुढच्या शूटला सगळं तसंच जुळायला पाहिजे. टोपी कशी होती, बाही किती दुमडलेली, चहा कितीवर. कपडे पिशवीत घालून तुमच्याकडंच ठेवा, कलाकाराच्या घरी दिले की ते धुऊन इस्त्री होऊन येतात. आणि दाढी करायची नाही हे आठवड्याला दोनदा फोन करून सांगा.

आता माझी दुसरी फिल्म. दोन दिवसांचं शूट एका मेमरी कार्डवर होतं, रविवारी रात्री दमून तसाच झोपलो, सोमवारी सकाळी साखरपुड्याची ऑर्डर, घाईत तेच कार्ड कॅमेऱ्यात घातलं आणि सवयीनं फॉरमॅट मारला. साखरपुडा छान आला. तेव्हापासनं शूट संपलं की जेवायच्या आधी दोन जागी कॉपी, लॅपटॉपवर एक, हार्ड डिस्कवर एक, आणि दोन्हीकडं एक एक फाईल उघडून बघायची.

पायरी ७: एडिटिंग

बऱ्याच फोनचं रेकॉर्डिंग एकसारख्या फ्रेम रेटचं नसतं, थोडं कमी-जास्त होत राहतं, त्यामुळं एडिटमधी सुरुवातीला ओठ जुळतात आणि चार मिनिटांनी आवाज मागं-पुढं पळतो. माझा एक आठवडा यात गेला, मला वाटलं लॅपटॉप खराब झाला. उपाय असा, हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याच्यात सगळ्या क्लिप टाकून कॉन्स्टंट फ्रेम रेट करून घ्या, मग एडिट सुरू करा.

लॅपटॉप बरा असंल तर दा विंची रिझॉल्व्हचं फुकटचं व्हर्जन घ्या, पहिल्या फिल्मला त्याच्या बाहेर काही लागत नाही. जुना असंल तर शॉटकट नाहीतर केडेनलाइव्ह. फोनवरच करायचं तर व्हीएन, काइनमास्टर. पायरेटेड काही टाकू नका, व्हायरसनं फुटेज जायची पाळी येते. पहिला कट, म्हणजे पहिल्यांदा सगळं जोडून झालं की मित्रांना दाखवू नका, ते भारी भारी म्हणतात. अशा कुणाला दाखवा ज्याला तुमच्याशी देणंघेणं नाही, आणि स्क्रीनकडं न बघता त्याच्याकडं बघा, त्यानं मोबाईल हातात घेतला ती जागा कापा.

पिक्चरचं गाणं लावू नका. यूट्यूबची सिस्टीम ते आपोआप पकडते, कधी आवाज जातो, कधी जाहिरातीचे पैसे दुसऱ्याला. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत आहे पण ते सगळ्यांनीच वापरलंय. त्यापेक्षा गावातल्या भजनी मंडळाचा पेटीवाला, हलगीवाला, नाहीतर जात्यावरची ओवी म्हणणारी आजी गाठा. मिरजेत तंबोरे बनवणारी घराणी आहेत, एखाद्या कारागिराला विनंती करून दोन मिनिटं नुसत्या तारा छेडलेल्या रेकॉर्ड केल्या तरी अख्खी फिल्म सावरते. रेकॉर्डिंग वापरणार आहे हे सांगा, साध्या कागदावर सही घ्या, आणि नाव टायटलमधी मोठ्या अक्षरात टाका.

पायरी ८: दाखवायची कुठं

पहिलं स्क्रीनिंग गावातच, देवळासमोर पांढरी चादर आणि भाड्याचा प्रोजेक्टर. यूट्यूबवर टाकायला सेन्सॉर सर्टिफिकेट लागत नाही, थिएटरला लावायची तर लागतं. पण फेस्टिवलला पाठवायचा विचार असंल तर यूट्यूबवर टाकायची घाई करू नका, काही ठिकाणी आधी ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत, नियम वाचा. मुंबईचा मिफ (मुंबई इंटरनॅशनल फिल्म फेस्टिवल) खास डॉक्युमेंटरी, शॉर्ट आणि ॲनिमेशनचाच आहे, आणि कोल्हापूर-पुण्याचे फेस्टिवल आपल्याला एका एसटीवर आहेत, एंट्री नसली तरी बघायला जा. इंग्रजी सबटायटल कराच. आणि एंट्री फी घेऊन आलेल्या प्रत्येकाला अवॉर्ड देणारे, मग ट्रॉफीचे वेगळे पैसे मागणारे फेस्टिवल पण भरपूर झालेत, तिथं पैसे घालवू नका, त्या पैशात अजून एक दिवसाचं जेवण होतं.

चुलत्याच्या त्या रानात आता खोडवा आहे, म्हणजे तोडलेल्याच खोडांना परत फुटलेला ऊस. गेल्या आठवड्यात बघून आलो, छातीला लागलाय, दिवाळीपर्यंत फोटोतल्या उंचीला येईल असं वाटतंय. धाकट्या भावाचं काम करणाऱ्या पोराचं मधल्या काळात लग्न झालं आणि तो सुटलाय चांगलाच, त्याला आतापासनंच पळायला लावलंय. चुलत्यानं यावेळी स्लिप बॉयचा, म्हणजे कारखान्याच्या तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याचा नंबर दिलाय, त्याला दर चार दिवसांनी फोन करतो.